चरावरची हिरवी पट्टी

दारापासून अंगणातल्या नळापर्यंत जमिनीखालून गेलेली पाण्याची नळी एकदा मध्येच गळू लागली आणि ती बदलण्यासाठी लॉनमधून तिरका चर खणावा लागला. चर दीड फूट रुंद आणि जवळजवळ गुडघाभर खोल होता. नळी बसवून झाल्यावर काढलेली माती फावड्याने पुन्हा आत लोटली, वर गवताचे तुकडे जमतील तसे मांडले, आणि आधीच मरगळलेल्या लॉनवर आता हा लांबलचक व्रण कायमचा राहणार म्हणून मी कितीतरी दिवस हळहळत होते. पुढे साधारण तीन महिन्यांनी, ऊन तापून सगळे लॉन पिवळे पडू लागले असताना, एका सकाळी गच्चीतून खाली पाहिले तर दारापासून नळापर्यंत एक गडद हिरवी पट्टी फूटपट्टीने आखल्यासारखी उठून दिसत होती. तिची रुंदी बरोबर दीड फूट होती. नळी पुन्हा गळते आहे, हाच पहिला विचार मनात आला. त्या रात्री सगळे नळ बंद करून मीटरवरचा आकडा लिहून ठेवला आणि पहाटे उठून पुन्हा पाहिला. आकडा जागचा हलला नव्हता. त्या पट्टीत मी निराळे बी टाकले नव्हते, जास्तीचे खत घातले नव्हते आणि पाणीही बाकीच्या लॉनइतकेच दिले होते. तिथे वेगळे घडले होते ते इतकेच, की तेवढी जमीन एकदा खोलवर उकरली गेली होती.

त्याआधीची चार वर्षे मी या लॉनसाठी जे काही केले ते सगळे जमिनीच्या वर केले होते. पहिल्या वर्षी तयार गवताच्या गुंडाळ्या आणून अंथरल्या. महिनाभर अंगण फार देखणे दिसले. मग गुंडाळ्यांच्या कडा आखडू लागल्या, मधले सांधे उघडे पडले, आणि एका कोपऱ्यात तर हाताने धरून ओढल्यावर सबंध तुकडा चटईसारखा वर आला. गवत असे चटईसारखे सुटून येते तेव्हा पहिला संशय हुमणीचा घ्यावा, कारण ही अळी मुळेच कुरतडते. मी खाली वीतभर उकरून पाहिले. अर्धगोल वळलेली ती पांढरी अळी एकही सापडली नाही. मुळे कोणी खाल्ली नव्हती, ती खाली गेलीच नव्हती. दुसऱ्या वर्षी नत्राचे खत दिले, तेव्हा पंधरा दिवस पाला तरारून वाढला आणि पहिल्याच कडक उन्हात तितक्याच वेगाने करपला. तिसऱ्या वर्षी रोज संध्याकाळी पाणी मारले आणि त्याचे फळ म्हणून सावलीच्या बाजूला शेवाळ व उन्हाच्या बाजूला बुरशीचे तपकिरी, गोल चट्टे मिळाले. चौथ्या वर्षी गवताची जातच बदलून पाहिली. या प्रत्येक वेळी मला असे वाटत होते की गवतात काहीतरी उणे आहे आणि ते बाहेरून आणून भरून काढायचे आहे.

चर खणला त्या दिवशी, नळी टाकण्यापूर्वी, मी त्यात उतरून त्याची एक भिंत खुरप्याने तासून साफ केली होती. त्या वेळी केवळ कुतूहल म्हणून केलेले ते काम नंतर फार उपयोगी पडले, कारण पट्टी हिरवी झाल्यावर मला त्या भिंतीतली प्रत्येक रेषा आठवू लागली. वरचा चार-पाच सेंटिमीटरचा थर काळसर, भुसभुशीत होता. ती गुंडाळ्यांबरोबर आलेली माती होती. तिच्याखाली एक स्वच्छ रेघ होती. रेघेच्या खालची जमीन राखाडी, पापुद्र्यापापुद्र्यांची आणि ओलसर असूनही चकचकीत होती, आणि तिच्यात विटांचे तुकडे, वाळलेल्या चुन्या-सिमेंटचे गोळे, फरशीचे एक टोक आणि एक गंजलेला खिळा रुतून बसले होते. काळ्या मातीत अंगठा सहज रुतायचा. खालच्या थरावर नखाचा ओरखडाही जेमतेम उठत होता. मुळे त्या रेघेपर्यंत येऊन थबकली होती. पांढरी, दोऱ्याएवढी बारीक मुळे वरून सरळ खाली येत होती, रेघेला टेकली की काटकोनात वळत होती आणि मग खाली शिरायला फट शोधत तिच्याच पृष्ठभागावरून आडवी पसरत होती. वीतभर अंतर अशी आडवी गेलेली काही मुळे मी बोटाने सोडवून पाहिली. त्यातले एकही खाली शिरू शकले नव्हते.

गवताची मुळे काय करू शकतात याचा एक हिशेब मला तेव्हापासून सारखा आठवतो. राय हे धान्यही गवताच्याच कुळातले. त्याच्या एकाच, चार महिन्यांच्या झाडाची मुळे एच. जे. डिट्मर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३७ साली मोजली, तेव्हा सगळ्या मुळांची आणि उपमुळांची मिळून लांबी सुमारे ६२३ किलोमीटर भरली होती. हे झाड एका पेटीतल्या मातीत वाढलेले होते. इतके पसरण्याची ताकद ज्या कुळात आहे, त्यातले रोप माझ्या अंगणात चार बोटे मातीवर दिवस काढत होते, आणि मी त्याला वरून खत देत होते.

नव्या घराभोवतीची जमीन अशी का होते, हे समजायला फार शोधाशोध करावी लागत नाही. पाया खणताना सुपीक वरची माती खाली जाते आणि खालची निर्जीव माती वर येते. तिच्यावरून महिनोन्महिने अवजड वाहने फिरतात, विटांच्या थप्प्या रचल्या जातात, सिमेंट कालवले जाते. काम संपल्यावर उरलेला राडारोडा त्याच जागेवर पसरून दाबला जातो आणि वर बोटभर चांगली माती टाकून बाग करायला जागा मोकळी झाली असे सांगितले जाते. चांगल्या जमिनीत घन कणांचा वाटा जवळपास निम्माच असतो. उरलेला निम्मा भाग पोकळ्यांचा असतो, आणि त्यांतल्या बारीक पोकळ्यांत पाणी व मोठ्या पोकळ्यांत हवा राहते. जमीन दाबली गेली की आधी मोठ्या पोकळ्या नाहीशा होतात. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. हवा खेळली नाही तर ती वाढत नाहीत, आणि ओल समोर असूनही त्यांना पाणी घेता येत नाही. म्हणून घट्ट जमिनीतले गवत पावसात गुदमरते आणि दोन दिवस ऊन पडताच तहानेने सुकते. माझ्या लॉनमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडताना मी पाहिल्या होत्या आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे मला सुचले नव्हते.

आपल्या भाषेत यासाठी एक अतिशय नेमका शब्द आहे, वाफसा. जमिनीत पाणी आहे, पण हवाही आहे. माती ओली आहे, पण हाताला चिकटत नाही. अशा स्थितीला शेतकरी वाफसा आला असे म्हणतो आणि त्यानंतरच जमिनीला हात लावतो. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि अंगठ्याने टोचावे. गोळा फुटून मोकळा झाला तर वाफसा आहे, अंगठ्याचा ठसा उमटून गोळा तसाच राहिला तर अजून थांबावे. ओल्या चिकण मातीवर केलेले कोणतेही काम, मग ते खणणे असो, गवत कापण्याचे यंत्र फिरवणे असो की नुसते येणे-जाणे असो, तिला आणखी घट्ट करते. तिसऱ्या वर्षी मी रोज संध्याकाळी पाणी मारून त्या ओल्या जमिनीवर चालत होते, म्हणजे जे दुखणे दूर करायचे होते तेच रोज थोडे थोडे वाढवत होते.

हिरवी पट्टी पाहिल्यावर मी गवताकडे बघणे काही काळ थांबवले आणि आधी जमीन तपासायचे ठरवले. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक लोखंडी सळई घेऊन सगळ्या अंगणात हातभर अंतरावर टोचत गेले आणि ती कुठे किती आत जाते ते कागदावर मांडत गेले. चरावर ती कोपरापर्यंत सहज गेली. बाकी बहुतेक ठिकाणी चार बोटांवर ठणकन आवाज करून अडली. मग तीन ठिकाणी फूटभर खोल खड्डे घेतले, ते पाण्याने भरून एकदा पूर्ण जिरू दिले, आणि पुन्हा भरून तासाला पाणी किती उतरते ते पाहिले. तासाला अडीच सेंटिमीटर तरी पाणी उतरले तर निचरा कामचलाऊ म्हणता येतो. माझ्याकडच्या एका खड्ड्यात दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी उभे होते. शेवटी काचेच्या बरणीत मूठभर माती आणि पाणी घालून, खळखळून हलवून ती खिडकीत ठेवली. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, पोयट्याचा थर काही तासांत जमतो, आणि चिकण माती दिवसभर, कधी त्याहून जास्त, पाण्यात तरंगत राहते. तिसऱ्या दिवशीही बरणीतले पाणी गढूळच होते, तेव्हा आपल्या वाट्याला काय आले आहे ते कळले.

चिकण माती म्हटली की वाळू मिसळण्याचा सल्ला हमखास मिळतो, आणि तो सल्ला ऐकू नये असे मी आग्रहाने सांगेन. वाळूने मातीची घडण बदलायची तर ती मातीच्या बरोबरीने किंवा त्याहूनही अधिक घालावी लागते. चार घमेली वाळू मिसळली तर चिकण मातीचे बारीक कण वाळूच्या दाण्यांमधल्या फटी भरून टाकतात आणि सगळे मिळून विटेसारखे कडक होते. चिकण मातीला मोकळे करणारी गोष्ट म्हणजे कुजलेले सेंद्रिय खत. ते कणांना एकत्र बांधून त्यांचे लहान लहान गोळे करते, आणि त्या गोळ्यांमध्ये हवेला जागा मिळते. वर चांगल्या मातीचा थर टाकून खालची कडक जमीन तशीच ठेवणे हाही उपाय नव्हे. दोन अगदी वेगळ्या थरांच्या सीमेवर पाणी आणि मुळे दोन्ही अडतात, आणि त्याचा पुरावा चराच्या भिंतीत मी डोळ्यांनी पाहिला होता.

सगळे अंगण एकदम उकरणे माझ्या आवाक्यात नव्हते. म्हणून त्याचे भाग पाडले आणि वाफसा असेल तेव्हा एकेक भाग टिकावाने फूटभर खोल फोडला. राडारोडा निवडून बाजूला काढला. पहिल्या दोन भागांतूनच एकवीस घमेली निघाली. फोडलेल्या ढेकळांत बोटभर जाडीचे पूर्ण कुजलेले खत मिसळले, माती पायाने न तुडवता दाताळ्याने समतल केली, आणि दोन पाऊस तिला बसू दिले. ही थांबण्याची पायरी फार महत्त्वाची आहे. ताजी फोडलेली जमीन काही आठवडे असमान खचत राहते, आणि घाईने लावलेले गवत तिच्याबरोबर खचते. जिथे जुने गवत बरे होते तिथे उकरण्याऐवजी मातीच्या नळकांड्या काढणारे हत्यार वापरले. दोन-तीन इंच खोलीची, बोटाएवढी जाड नळकांडी जमिनीतून निघून बाहेर पडतात आणि मागे मोकळी भोके राहतात. नुसत्या टोकदार सळईने पाडलेल्या भोकांच्या कडा आणखी दाबल्या जातात, म्हणून माती बाहेर काढणे हेच त्यातले खरे काम. त्या भोकांत खत झाडून घालायचे, आणि निघालेली नळकांडी तिथेच सुकवून चुरडायची.

गांडुळे दुसऱ्या वर्षी आली. मी ती सोडलेली नव्हती. खायला पाचोळा आणि शिरायला मऊ जमीन मिळाली की ती आपण होऊन येतात. सकाळी गवतात त्यांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्यांचे ढीग दिसू लागले, तेव्हा मला चार्ल्स डार्विनने केलेला एक प्रयोग आठवला. त्याने १८४२ साली घराजवळच्या एका शेतात खडूचे तुकडे पसरून ठेवले होते आणि २९ वर्षांनी, १८७१ साली, तिथे चर खणून पाहिला. खडूची पांढरी रेघ चराच्या दोन्ही भिंतींत सात इंच खाली सापडली. कोणी ती पुरली नव्हती. गांडुळांनी खालची माती वर आणून आणून, वर्षाला सरासरी सहा मिलिमीटरच्या वेगाने, तिच्यावर थर चढवला होता. माझ्या अंगणातले फावडे एका दिवसात जे करते ते गांडूळ सावकाश करते, पण फावड्याचे काम एकदाच होते आणि गांडुळाचे थांबत नाही.

भिंतीलगतची तीन फुटांची पट्टी मात्र उकरूनही सुधारली नाही. तिथली नवी पाने पिवळी पडत होती आणि पात्यातल्या शिरा तेवढ्या हिरव्या राहत होत्या. नत्र कमी पडले तर आधी जुनी, खालची पाने सरसकट पिवळी होतात. कोवळ्या पानांवर अशा पिवळ्या-हिरव्या रेघा उठतात तेव्हा लोह मिळत नसण्याची शक्यता जास्त असते. जमिनीत लोह असतेच, पण तिचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचा आकडा (पीएच), चढला की ते मुळांना घेता येत नाही. गवताला साधारण सहा ते सात सामू मानवतो, आणि भिंतीच्या गिलाव्यातून झडलेला चुना तो त्याच्या पुष्कळ वर नेतो. मी तिथली माती तपासून घेतली, मग ती हातभर खोल काढूनच टाकली. लोहाची फवारणी केली तर आठवड्यात हिरवेपणा येतो, मात्र चुना तिथेच राहतो, हे लक्षात ठेवलेले बरे.

सगळ्यात अवघड निर्णय झाडाखालच्या जागेचा होता, आणि तो घ्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. अंगणाच्या एका टोकाला मोठे, पसरलेले झाड आहे. त्याच्या छायेत गवत लावून मी चार वेळा अपयश घेतले होते, आणि प्रत्येक वेळी सावलीत चालणारी आणखी एखादी जात शोधत होते. एका निरभ्र दिवशी मी सकाळी सात ते संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला सावलीच्या कडेवर पांढऱ्या खुंट्या ठोकत गेले. संध्याकाळी पाहिले तर अंगणभर खुंट्यांच्या वक्र रांगा उभ्या होत्या, आणि कुठल्या हातभर जागेला किती तास थेट ऊन मिळते याचा नकाशाच तयार झाला होता. हरळीसारख्या उन्हाच्या गवताला दिवसाला सहा तास तरी थेट ऊन लागते. रुंद पानांचे कार्पेट गवत किंवा थंड हवेतले तांबडे फेस्क्यू त्याहून कमी उन्हात निभावते, तरी पूर्ण सावलीत तेही टिकत नाही. माझ्या झाडाखाली, खोडापासून सहा पावलांच्या आत, पानांतून गळणारे तुकड्यातुकड्यांचे ऊन मिळून दोन तासही होत नव्हते.

सावली म्हणजे नुसता कमी उजेड नव्हे, हे मला त्या निमित्ताने वाचताना कळले. झाडाची पाने प्रकाशातला निळा आणि तांबडा भाग स्वतःसाठी ठेवून घेतात आणि तांबड्यापलीकडचा भाग खाली जाऊ देतात. खालच्या गवताला या दोन्हींच्या प्रमाणातला बदल जाणवतो आणि आपल्यावर कोणीतरी उभे आहे हे त्यावरून समजून ते उजेडाकडे पोचण्यासाठी उंच होऊ लागते. पाती लांब आणि पातळ होतात, फुटवे कमी होतात, आणि मुळांसाठी ठेवायचे अन्न उंचीवर खर्च होते. अशा ताणलेल्या पात्यांना नत्र दिले तर ती आणखी ताणतात, आणि बारीक कापली तर त्यांचा उरलासुरला आधारही जातो. म्हणून अर्धवट सावलीत गवत नेहमीपेक्षा उंच ठेवावे, खत निम्मे करावे आणि पाणीही बेताने द्यावे. त्यातून झाडाची अन्न शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली असतात, त्यामुळे गवताला तिथे पाण्यासाठीही झगडावे लागते. या भागात मी टिकाव उचलला नाही. त्या मुळांवर घाव घालून किंवा त्यांच्यावर मातीचा जाड थर चढवून गवत जगवायचे म्हणजे पन्नास वर्षांच्या झाडाचा जीव पन्नास दिवसांच्या पात्यांसाठी धोक्यात घालणे होते. खुंट्यांची चार तासांची रेषा जिथे आली तिथे मी लॉनची कड ठरवली आणि तिच्या आत झाडाचाच पाचोळा पसरू दिला. ही माघार आहे असे मला तेव्हा वाटले होते. आज त्या अंगणातली सगळ्यात निरोगी जागा मला तीच वाटते.

आता पाण्याविषयी, कारण उकरलेली जमीनही चुकीच्या पाण्याने पुन्हा बिघडते. रोज थोडे थोडे पाणी दिले की ओल वरच्या दोन बोटांत राहते, मुळेही तिथेच राहतात आणि एक दिवस पाणी चुकले की सगळे एकदम कोमेजते. भरपूर पाणी देऊन मग जमीन थोडी सुकू दिली तर मुळे ओलीच्या मागे खाली जातात. उन्हाळी दिवसांत आठवड्याला साधारण अडीच सेंटिमीटर पाणी धरून सुरुवात करावी. म्हणजे एका चौरस मीटरला २५ लिटर. तुषार किती पाणी टाकतात ते पाहायला मी लॉनवर सारख्या आकाराचे आठ डबे ठेवले, तेव्हा एका टोकाच्या डब्यात दुसऱ्या टोकाच्या तिप्पट पाणी साचलेले दिसले, आणि एका बाजूचे गवत नेहमी मागे का पडते याचे एक कारण तिथेच सापडले. चिकण माती एका वेळी फार पाणी घेत नाही, म्हणून पाणी वाहू लागले की बंद करून अर्ध्या तासाने पुन्हा सोडावे. वेळ पहाटेची चांगली, कारण संध्याकाळी भिजलेली पाती रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला तेवढेच हवे असते. पाणी कधी द्यायचे हे मात्र घड्याळावर ठरवू नये. गवतावरून चालत जावे आणि मागे वळून पाहावे. पावलांखाली दबलेली पाती लगेच उठली तर पाणी पुरेसे आहे, ठसे तसेच राहिले आणि रंगात निळसर-करडी झाक आली तर गवत तहानलेले आहे.

पहाटे आणखी एक गोष्ट दिसते, तिच्यामुळे मी गवताकडे पुन्हा नीट पाहायला शिकले. सूर्य वर येण्यापूर्वी गुडघे टेकून खाली वाकले की प्रत्येक पात्याच्या अगदी टोकावर एकेक थेंब उभा असतो. आपण त्याला दव म्हणतो, पण दव सगळ्या पात्यावर बारीक शिंपडल्यासारखे पडते. टोकावरचा हा एकटा, टपोरा थेंब पात्याने आतून बाहेर टाकलेला असतो. रात्री पानांतून बाष्प फारसे जात नाही, मुळे मात्र पाणी घेत राहतात, आणि त्यांच्या दाबाने जास्तीचे पाणी पात्याच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर येते. चर बुजवल्यानंतरच्या त्या उन्हाळ्यात हे थेंब हिरव्या पट्टीवर रांगेने उभे असायचे आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाती कोरडी असायची. मी कितीतरी सकाळी तिथे जाऊन बसत होते. खाली मुळे जागी आहेत, काम करत आहेत, हे त्याहून स्पष्टपणे दुसरे कोण सांगणार?

कापणीबद्दल लोक फार बोलतात, पण त्यातले तत्त्व छोटे आहे. गवताचे पाते बुडाकडून वाढते आणि त्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणूनच शेंडा कापला तरी ते मरत नाही. तरीही पाते हे त्याचे अन्न शिजवण्याचे ठिकाण आहे. एका वेळी एक तृतीयांशाहून अधिक उंची काढू नये, कारण निम्म्याहून अधिक पाला गेला की मुळांची वाढ काही दिवस ठप्प होते. गवत जितके बुटके ठेवाल तितकी मुळेही आखूड राहतात. पहिले गवत कापण्याचे यंत्र १८३० साली इंग्लंडमधल्या एडविन बडिंगने बनवले, आणि त्याची कल्पना त्याला कापड गिरणीतल्या, लोकरी कापडावरची लव एकसारखी छाटणाऱ्या यंत्रावरून सुचली होती. कापडासारखे सपाट, तलम लॉन हवे ही आपली ओढ तिथपासूनची असावी. मी माझे यंत्र दोन खाचा वर चढवून ठेवले आणि पाते दर दोन महिन्यांनी धार लावून घेऊ लागले. बोथट पाते गवत कापत नाही, फाडते, आणि फाटलेली टोके दोन दिवसांत पांढुरकी होऊन सगळ्या लॉनवर धुरकट छटा आणतात. कापलेले तुकडे आता मी गोळा करत नाही. त्यांत तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असते, ते लवकर कुजतात आणि त्यांतले नत्र जमिनीला परत मिळते.

सखल कोपऱ्यात अजूनही जोराच्या पावसात पाणी साचते आणि तिथे लव्हाळा येतो. त्याचा तिधारी दांडा बोटांत फिरवला की लगेच ओळखू येतो, आणि तो उपटताना खालची गाठ तुटून आत राहिली तर पुन्हा उगवतो, म्हणून खुरप्याने गाठीसकट काढावा लागतो. शेवाळही अधूनमधून दिसते. शेवाळ गवताला मारत नाही. जिथे गवत आधीच हटलेले असते ती रिकामी जागा ते घेते. म्हणून आता ते दिसले की मी आधी सळई आणून टोचून पाहते.

गेल्या महिन्यात, सहा वर्षांनी, नळाचे पाणी पुन्हा बारीक झाले आणि त्याच नळीचा एक सांधा उघडावा लागणार असे ठरले. नळ दुरुस्त करणाऱ्या दादांनी विचारले, "ताई, नळी कुठून गेली आहे?" मी दाखवायला पुढे झाले आणि थांबले. गच्चीत जाऊन पाहिले, सकाळच्या तिरप्या उन्हात पाहिले, गुडघे टेकून थेंब पाहिले. ते सगळीकडेच होते. दारापासून नळापर्यंत कुठेही पट्टी दिसत नव्हती. शेवटी दाराच्या चौकटीपासून नळाच्या कठड्यापर्यंत सुतळी ताणली आणि तिच्याखाली खणायला सुरुवात केली. पहिले फावडे आवाज न करता आत गेले. गवताचे चौकोनी तुकडे काढून मी ओल्या पोत्यावर ओळीने मांडले, तेव्हा त्यातल्या एका तुकड्याखाली लोंबणारी मुळे वीतभर भरली, आणि ती सगळी सरळ खाली गेलेली होती.